मॉडेलरमधला ओव्हरड्राइव्ह वाईट नसतो, त्याला जोडलेला अॅम्प चुकलेला असतो

लक्ष्मीनगर_सहातारा

नागपुरातल्या कुठल्याही जॅमरूममध्ये जा, हे वाक्य ऐकू येणारच: "मॉडेलरवर क्लीन छान वाजतं, डिले-रिव्हर्बला तोड नाही, पण ओव्हरड्राइव्ह लावला की मच्छर भणभणल्यासारखं होतं." मला हे साफ अमान्य आहे. (मॉडेलर म्हणजे अॅम्प, पेडल आणि स्पीकरची डिजिटल नक्कल करणारं यंत्र; ओव्हरड्राइव्ह म्हणजे गिटारचा आवाज थोडा फाटवणारा पेडल.) विरोध जरूर करा, पण सेटिंग सांगून करा.

बहुतेक जण काय करतात? सगळ्यात स्वच्छ अॅम्प निवडतात, बहुधा फेंडर ट्विनचं मॉडेल, व्हॉल्यूम तीनवर. त्याच्या आधी ट्यूब स्क्रीमर या हिरव्या ओव्हरड्राइव्ह पेडलचा ब्लॉक (मॉडेलरमधली त्याची नक्कल), ड्राइव्ह सातवर, लेव्हल मध्यावर. आणि मग आवाज पातळ, कोरडा म्हणून डिजिटलच्या नावानं बोटं मोडायची. अहो, खरा ट्यूब स्क्रीमर (टीएस ८०८) खऱ्या ट्विनला असा लावला तरी तो असाच वाजेल! १९७९ साली आलेल्या या पेडलचं नाव झालं ते आधीच तापलेल्या ट्यूब अॅम्पला पुढे ढकलण्यासाठी. त्याच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग क्लिपिंगच्या (लाटेची टोकं कापण्याच्या) टप्प्यावर कमी कमी होत जातो, वरचं टोक टोनचं फिल्टर उतरवतं, आणि मधे मिड्सचा (मधल्या पट्टीचा) उंचवटा उरतो. डायोड ऑप-अॅम्पच्या फीडबॅकमध्ये बसवलेले असल्यामुळे क्लिपिंग मऊ असतं आणि मूळ सिग्नलही थोडा सोबत येतो. असा पेडल एकटाच सगळा डिस्टॉर्शन करणार, ही अपेक्षाच चुकीची.

मी आधी अॅम्प लावतो. डिलक्स रिव्हर्बचं मॉडेल, व्हॉल्यूम असा की हलक्या हातानं छेडलं तर स्वच्छ आणि पिक जोरात मारला की कडा फाटायला लागते. मग पेडल: ड्राइव्ह दोन-तीन, लेव्हल सात-आठ. शेवटी कॅबचा आयआर (माइक लावलेल्या स्पीकरच्या आवाजाचा डिजिटल ठसा), त्यावर लो कट ८० ते १०० हर्ट्झ (त्याखालचं कापतो), हाय कट ६ ते ७ किलोहर्ट्झ (त्यावरचं कापतो). गिटारचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झनंतर झपाट्यानं उतरतो हे खरं, पण माइक कोनच्या बरोब्बर मध्यावर ठेवून घेतलेला आयआर असेल तर उरलेलं टोकही टोचतं. ती भणभण तिथून येते. पेडलच्या ब्लॉकला उगाच दोष.

महाल_ऑर्केस्ट्रा

भाऊ, लेव्हल जास्त अन् ड्राइव्ह कमी, हे शंभर टक्के मान्य. बाकीचं मला पटून नाही राहिलं.

मी बॉसचा पिवळा एसडी-१ ओव्हरड्राइव्ह पेडल वाजवतो, कैक वर्षांपासून. गणपती, शारदोत्सव, लग्नाचे कार्यक्रम, सगळं त्याच्यावरच. त्याच्यात क्लिपिंगचे तीन डायोड असतात, एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला एक. लाट वर जेवढी कापली जाते तेवढी खाली कापली जात नाही, म्हणून त्याचा सूर टीएसपेक्षा वेगळा. आता मॉडेलरमधला एसडी-१ घ्या अन् गिटारचा व्हॉल्यूम दहावरून चारवर आणा. खऱ्या पेडलवर आवाज स्वच्छ होतो, पण जिवंत राहतो. मॉडेलरवर सूर मधेच तुटतो. शेवटची मात्रा धरून ठेवली की ती विझत नाही, खटकन कापली जाते.

दुसरं. ड्राइव्ह पूर्ण उघडा, पहिल्या तारेवर पंधराव्या फ्रेटच्या वर हळूहळू बेंड करा. सूर वर चढून राहिला असतो अन् त्याच्यामागे एक बारीक बेसूर शिट्टी खाली उतरताना ऐकू येते. माझ्या एसडी-१ मध्ये ही शिट्टी कधीच नव्हती. हिला कोणता हाय कट लावता?

बजाजनगर_डीएसपी

दादा, तुमचे कान पक्के आहेत. ती शिट्टी खरी आहे आणि लक्ष्मीनगरवाल्यांचा हाय कट तिला काहीही करू शकत नाही.

तिचं नाव अलायझिंग. क्लिपिंग झालं की मूळ सुराचे हार्मोनिक तयार होतात, कितीतरी वरपर्यंत. यंत्र ४८ किलोहर्ट्झवर चालत असेल (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने घेत असेल) तर २४ किलोहर्ट्झच्या वरचं काही त्यात मावत नाही. जे मावत नाही ते गायब होत नाही, आरशातून उलटं परत येतं: ३० चा हार्मोनिक १८ वर येऊन बसतो, ४० चा ८ वर. तुम्ही बेंड करून सूर चढवता तेव्हा ४० चा ४१ होतो आणि त्याचं प्रतिबिंब ८ वरून ७ वर उतरतं. म्हणून शिट्टी उलट दिशेनं जाते, आणि ती मूळ सुराच्या कुठल्याही पटीत बसत नसल्यानं कानाला बेसूर लागते. एकदा ती ऐकू येणाऱ्या पट्ट्यात मिसळली की नंतरच्या ईक्यूला (पट्ट्या कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरला) ती वेगळी काढता येत नाही.

उपाय यंत्राच्या आतच करावा लागतो. क्लिपिंगचा हिशेब आठपट किंवा सोळापट वेगानं करायचा, वरचं गाळायचं आणि मग ४८ वर परत यायचं. याला ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात आणि त्याला प्रोसेसरची ताकद लागते. १९९८ च्या पहिल्या पॉड मॉडेलरच्या पिढीकडे ती आजच्यासारखी नव्हती. २०१५ च्या हेलिक्स मॉडेलरनंतरच्या चांगल्या यंत्रांवर हा प्रश्न बराच आटोक्यात आहे. स्वस्त युनिटवर आजही ऐकू येतो. तेव्हा "डिजिटलमध्ये होतं" असं सरसकट म्हणू नका, "माझ्या युनिटमध्ये होतं" म्हणा.

सूर तुटण्याचं मात्र वेगळं आहे. फॅक्टरी प्रीसेटमध्ये सगळ्यात पुढे नॉइज गेट बसवलेला असतो, तो तपासा. गिटारचा व्हॉल्यूम चारवर आला की सिग्नल गेटच्या उंबरठ्याखाली जातो आणि गेट शेपूट छाटतो. पेडलचं मॉडेल तिथे निर्दोष आहे.

सदर_स्ट्रॅटवाली

तुम्ही दोघं पेडल खरा की खोटा यावर भांडताय. मला मुळात तो पेडल ब्लॉकच कशाला हवा हे कळत नाही.

खऱ्या जगात ओव्हरड्राइव्हची गरज पडायची कारण घरात अॅम्प आठवर ठेवला तर शेजारी दार ठोठावतात आणि एका चॅनेलच्या अॅम्पला दुसरा आवाज नसतो. मॉडेलरमध्ये या दोन्ही अडचणी नाहीत. मार्शल जेसीएम ८०० चं मॉडेल घ्या, गेन वाढवा, मास्टर हवा तिथे ठेवा. सोलोसाठी दुसरा स्नॅपशॉट (साठवून ठेवलेली सेटिंग). अॅम्पचे मॉडेल इतके सुंदर झालेले असताना त्यांच्या तोंडावर पेडल बसवून वर आणखी चार नॉब फिरवत बसायचं, हे मला जुन्या सवयीचं ओझं वाटतं. बेस जास्त झाला तर अॅम्पवर बेस कमी करा की!

लक्ष्मीनगर_सहातारा

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावरच मला बोलायचं आहे, सगळा मुद्दा तिथेच आहे.

जेसीएम ८०० मध्ये बेस-मिडल-ट्रेबलचे नॉब प्रीअॅम्पच्या गेनच्या (सिग्नल वाढवून तोडणाऱ्या) टप्प्यांनंतर येतात. म्हणजे तुम्ही बेस शून्यावर नेला तरी विस्कटण्याचं काम आधीच होऊन गेलेलं असतं. जाड तारेचा बेस गेनच्या टप्प्यात शिरला, त्यानं बाकीच्या सुरांना गढूळ केलं आणि मग तुम्ही त्या गढूळ आवाजाचा बेस कमी केला. गढूळपणा कायम, वर आवाज हडकुळा. ट्यूब स्क्रीमर पुढे लावला की बेस गेनच्या *आधी* कमी होतो. हंबकरच्या (दुहेरी कॉइलच्या पिकअपच्या) गिटारवर सहाव्या तारेवर पाम म्यूट (तळहात तारेवर टेकवून) मारून पाहा: पेडलशिवाय "भुम्म", पेडल लावल्यावर "चग". ड्राइव्ह चक्क शून्यावर ठेवा, तरी फरक पडतो. मेटल वाजवणारे इतक्या गेनच्या अॅम्पपुढे तो हिरवा डबा ठेवतात ते याचसाठी.

ब्लॅकफेस फेंडरमध्ये (वरचे ट्विन, डिलक्स त्याच जातीचे) उलट आहे. तिथे टोनचे नॉब पहिल्याच ट्यूबनंतर येतात, त्यामुळे बेस दोनवर आणून व्हॉल्यूम वाढवला की तुटणं बरंच नेटकं होतं. पण त्याच फेंडरला मिड्सचा खड्डा असतो आणि टीएसचा उंचवटा नेमका तो भरून काढतो. दोन्हीकडे पेडलचं काम वेगळं, पण काम आहे.

सदर_स्ट्रॅटवाली

मार्शलचं मान्य, आताच करून पाहिलं, पाम म्यूट खरंच आवळला जातो. पण मग साधा ईक्यू ब्लॉक अॅम्पच्या आधी लावून २०० हर्ट्झच्या खाली कापलं तर तेच काम होतं, आणि किती कापायचं ते माझ्या हातात राहतं. मी ईक्यूच लावणार. आणि सिंगल कॉइलवर स्वच्छ-तुटका आवाज हवा असेल तर नुसता अॅम्पच बरा. पेडल आला की माझ्या स्ट्रॅटच्या दोन नंबरच्या पोझिशनचा चटका त्या मिड्समध्ये बुडतो.

लक्ष्मीनगर_सहातारा

त्या चटक्यासाठी ब्लूज ड्रायव्हरचं मॉडेल लावून पाहा. १९९५ चा आहे, मिड्सचा तसा उंचवटा त्यात नाही, वरचं टोक मोकळं राहतं. किंवा क्लॉन सेंटॉरचं, ज्यात स्वच्छ सिग्नल तुटलेल्या सिग्नलमध्ये मिसळला जातो. सगळे ओव्हरड्राइव्ह म्हणजे टीएस नव्हे.

महाल_ऑर्केस्ट्रा

अॅम्पचं मॉडेल ठेवा, गेट ठेवा, ईक्यू ठेवा. मी माझा खरा एसडी-१ मॉडेलरच्या आधी ठेवून राहिलो अन् ठेवणार. कारण सांगतो. मंडळाच्या स्टेजवर पाय ठेवायला जागा नसते, लाइट डोळ्यांवर, निवेदक पुढच्या गाण्याचं नाव सांगून राहिला. तबला अन् ऑक्टोपॅडमध्ये गिटार दबली हे दुसऱ्या ओळीत कळलं, तर मी बुटाच्या टोकानं लेव्हलचा नॉब थोडा फिरवतो. मॉडेलरच्या पडद्यावर वाकून ब्लॉक निवडा, पान उलटा, पॅरामीटर शोधा, तोपर्यंत अंतरा संपतो. हातापायाला माहीत असलेला नॉब हा आवाजाचाच भाग आहे, भाऊ.

बजाजनगर_डीएसपी

ही मांडणी उत्तम आहे, एका धोक्यासह. लेव्हल आठवर ठेवलेला खरा पेडल मॉडेलरच्या इनपुटला गिटारपेक्षा कितीतरी मोठा सिग्नल देतो. खऱ्या अॅम्पची पहिली ट्यूब तो सिग्नल गोलाईनं मोडते. मॉडेलरमध्ये ट्यूबच्या आधी कन्व्हर्टर (सिग्नलचे आकडे करणारा भाग) लागतो, आणि कन्व्हर्टर भरला की लाट सपाट कापली जाते, करवतीनं कापावी तशी. इनपुटचा लाल दिवा लागत असेल तर पॅड (इनपुट घटवणारी सोय) चालू करा आणि जेवढं घटवलं तेवढं आतल्या अॅम्पच्या आधी परत वाढवा. मॉडेलरच्या आतल्या पेडलला ही अडचण येत नाही, कारण तो कन्व्हर्टरच्या पलीकडे असतो.

फझ (आणखी खरखरीत तोडणारा पेडल) वाजवणाऱ्यांनी मात्र खरा फझ थेट गिटारनंतर ठेवावा, याबाबत मी दादांच्या बाजूनं आहे. फझ फेस या पेडलचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) इतका कमी असतो की तो पिकअपला ओढून धरतो, व्हॉल्यूम उतरवल्यावरची ती काचेसारखी स्वच्छता त्यातूनच येते. मॉडेलरच्या १ मेगाओहम इनपुटवर ही ओढाताण होत नाही. काही यंत्रं इनपुट इम्पिडन्स बदलतात, सगळी नाही.

वर्धारोड_साउंड

मी वाजवत नाही, मिक्सरवर बसतो. तुमच्या निम्म्या तक्रारी माझ्या टेबलवर येतात म्हणून दोन गोष्टी.

घरी रात्री हेडफोनवर केलेला ओव्हरड्राइव्ह मैदानावर कधीच तसा वाजत नाही. कमी आवाजात कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, म्हणून तुम्ही दोन्ही वाढवून ठेवता. पीएवर (मैदानावरच्या मोठ्या स्पीकरवर) तोच प्रीसेट आला की खाली ढमढम, वर टोचणारं, आणि मधली गिटार हरवलेली. प्रीसेट निदान एकदा तरी मोठ्या आवाजात, बेस आणि ड्रम चालू असताना लावा. आणि पेडल चालू-बंद करताना आवाज सारखा ठेवून तुलना करा. जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, दर वेळी.

दुसरं म्हणजे भाड्याचा कॉम्बो (अॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत). मंडळानं आणलेल्या अॅम्पच्या पुढच्या इनपुटमध्ये मॉडेलर घालता आणि आतला कॅब चालूच असतो. मग माइक लावलेल्या स्पीकरचा आवाज पुन्हा एका स्पीकरमधून, गोधडीखालून आल्यासारखा. कॅब बंद करा आणि केबल मागच्या इफेक्ट रिटर्नमध्ये (प्रीअॅम्प टाळून आत जाणाऱ्या सॉकेटमध्ये) घाला. रिटर्न नसेल तर मॉडेलरमधला अॅम्पही बंद करून फक्त पेडलचा ब्लॉक वापरा. आश्चर्य वाटेल, पण पेडलचे मॉडेल खऱ्या अॅम्पमधून बहुतेकांना खरे वाटतात.

लक्ष्मीनगर_सहातारा

हेच मी म्हणतोय! ब्लॉक तोच, अॅम्प बदलला की तक्रार संपली.

महाल_ऑर्केस्ट्रा

बजाजनगरवाल्या भाऊचा गेट बंद करून पाहिला. व्हॉल्यूम चारवर आता सूर तुटत नाही, शेवटपर्यंत विझतो. तेवढं मी परत घेतो. शिट्टी तशीच आहे, माझं युनिट जुनं आहे. पॅड चालू केला, लाल दिवा गेला, एसडी-१ आता, घड्याळाच्या काट्यांसारखं सांगायचं तर, ड्राइव्ह नऊ वाजता, टोन बारा, लेव्हल दोन वाजता. आतला ओव्हरड्राइव्हचा ब्लॉक प्रीसेटमधून काढून टाकला.