मदत हवी: ग्राहकांच्या सर्व्हेला टी-टेस्ट लावू की काय-स्क्वेअर? (बडोदा, अर्जंट)

मांजलपूरची_मनू
नमस्कार, पटकन सांगा कोणीतरी. मी इथे बडोद्यात टू व्हीलर सर्व्हिसिंगवाल्यांकडे ऑफिसचं बघते. शेठनी कस्टमर सॅटिस्फॅक्शनचा सर्व्हे करायला लावला, तो झाला, डेटा एक्सेलमध्ये आहे, १ ते ५ मार्कांचे प्रश्न आहेत. आता शेठ म्हणतात नुसता अ‍ॅव्हरेज नको, स्टॅटिस्टिक्स लावून दे, त्यांच्या भाच्याने एमबीए केलंय त्याने काहीतरी डोक्यात भरवलंय. यूट्यूबवर एक जण टी-टेस्ट (दोन गटांची सरासरी तपासणारी) सांगतो, दुसरा अनोव्हा (तीन किंवा जास्त गटांची), तिसरा म्हणतो १ ते ५ ला टी-टेस्ट लावणं पापच, काय-स्क्वेअर (कुठलं उत्तर किती जणांनी दिलं ते मोजून तपासणारी) लावा. सोमवारी दाखवायचंय. कुठली टेस्ट ते सांगा, थिअरी नको प्लीज.

आकडेमोड
कोणाची कोणाशी तुलना करायची आहे? शाखा किती, उत्तरं किती, प्रश्न किती? हे कळायच्या आधी जो टेस्टचं नाव सांगेल त्याचं ऐकू नका.

कोडवाला
एक्सेल सोडा, पायथन घ्या. रँडम फॉरेस्ट नावाची मशीन लर्निंगची पद्धत लावा, कुठला प्रश्न महत्त्वाचा ते आपोआप निघतं. दोन दिवसांत शिकाल.

सुरसागर_काका
आम्ही बँकेत होतो तेव्हा काउंटरला दोरीने बांधलेली तक्रारवही असायची. मॅनेजर रोज संध्याकाळी वाचायचा आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला बोलावून चहा पाजायचा. टेस्ट-बिस्ट काही लागत नसे. शेठना सांगा, आधी वही ठेवा.

मांजलपूरची_मनू
काका वही आहे आमच्याकडे, त्यात पोरं क्रिकेटचे स्कोअर लिहितात. कोडवाला, दोन दिवसांत मी रिपोर्ट करू की पायथन शिकू? बाकी माहिती: तीन वर्कशॉप आहेत, मांजलपूर, कारेलीबाग आणि वाघोडिया रोड. उत्तरं चारशेच्या आसपास, प्रश्न १२. कुठली शाखा मागे आहे ते शेठना बघायचंय. झालं? आता सांगा.

गोत्रीवाली
स्टॅटिस्टिक्स शिकवते म्हणून सांगते. तीन वेगळे गट आहेत आणि डेटा क्रमवारीचा आहे, म्हणून क्रुस्कल-वॉलिस, म्हणजे मार्कांचा क्रम लावून गटांची तुलना करणारी टेस्ट. त्यात फरक निघाला तर डन टेस्टने जोड्या बघायच्या. अ‍ॅव्हरेज काढूच नका. ४ आणि ५ मधलं अंतर १ आणि २ मधल्या अंतराइतकंच आहे हे कोणी ठरवलं? मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्सने १९४६ मध्ये मोजपट्ट्यांचे चार प्रकार सांगितले त्यातला हा ऑर्डिनल प्रकार. मीडियन (क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारं उत्तर) द्या आणि कुठल्या मार्काला किती टक्के ते द्या.

एमआर_वाला
झालं सुरू. मार्केट रिसर्चमध्ये सगळं जग अ‍ॅव्हरेजवर चालतं, अजून कोणाचं आकाश कोसळलेलं नाही. ज्या लायकर्टच्या नावाने हा स्केल ओळखतात त्याने १९३२ मध्ये स्वतः मार्कांची बेरीज केली होती. मॅडम, सरळ अनोव्हा लावा, एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये आहे, दोन क्लिकचं काम. क्रुस्कल-वॉलिस एक्सेलमध्ये तयार मिळत नाही, मग ह्या बाईंनी काय करायचं?

गोत्रीवाली
लायकर्टने बेरीज केली ती एकाच विषयावरच्या अनेक प्रश्नांची. एकट्या प्रश्नाचा अ‍ॅव्हरेज ही तुमच्या इंडस्ट्रीची देणगी. एका शाखेत सगळ्यांनी ३ दिले आणि दुसरीत अर्ध्यांनी १, अर्ध्यांनी ५ दिले तर दोघांचा अ‍ॅव्हरेज ३. पहिल्या शाखेत कंटाळा आहे, दुसरीत आग लागलीय, आणि तुमची स्लाइड सांगणार "समान". एक्सेलमध्ये नाही म्हणून चुकीची टेस्ट लावा हे तर फारच झालं. जामोवी हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात माऊसनेच काम होतं.

एमआर_वाला
तुमच्या उदाहरणात मीडियन घेऊन काय मोठा उजेड पडतो? वितरण बघा म्हणा, मान्य. पण चारशे उत्तरांवर अनोव्हा आणि क्रुस्कल-वॉलिस दहातल्या नऊ वेळा एकच निकाल देतात, माझ्या अनुभवात तरी.

आकडेमोड
तुमचं चालू द्या. मनूताई, दोन गोष्टी सांगा. चारशेतले कुठल्या शाखेचे किती, आणि फॉर्म भरून कसा घेतला?

मांजलपूरची_मनू
मांजलपूर साधारण २००, कारेलीबाग १५०, वाघोडिया रोड ५०. मांजलपूर आणि कारेलीबागला व्हॉट्सअ‍ॅपवर गुगल फॉर्मची लिंक गेली. वाघोडिया रोडला तिथल्या मॅनेजरने गाडी देताना टॅबवर भरून घेतले. तिथले मार्क सगळ्यात छान आहेत, बहुतेक ५ च. पण ह्याचा टेस्टशी काय संबंध?

आकडेमोड
सगळा संबंध त्याचाच आहे. मेकॅनिक समोर उभा, मॅनेजरच्या हातात टॅब, आणि आपली गाडी अजून त्यांच्याकडे. अशा वेळी २ मार्क कोण देईल? घरी बसून लिंक भरणारा मोकळेपणाने देतो, किंवा चिडलेला असतो म्हणूनच भरतो. म्हणजे वाघोडिया रोडचे मार्क चांगल्या कामामुळे आलेत की टॅबमुळे, हे ह्या डेटातून कळणारच नाही. क्रुस्कल-वॉलिस लावा नाहीतर अनोव्हा, पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) झकास येईल आणि तिचा अर्थ काही नसेल. ती शाखा तुलनेतून बाहेर काढा. उरल्या दोन, तर क्रुस्कल-वॉलिस राहिलीच नाही, दोन गटांची तशीच टेस्ट मान-व्हिटनी पुरते. वरचे दोघं फुकट भांडले.

एमआर_वाला
बाहेर कशाला काढायची? स्लाइडवर खाली तळटीप द्या, "पद्धत वेगळी होती".

गोत्रीवाली
तळटीप शेठ वाचतात? इथे मी आकडेमोड यांच्या बाजूने. १९३६ ला अमेरिकेत लिटररी डायजेस्ट साप्ताहिकाने एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांच्या वर परत आल्या, त्यावरून छापलं की अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार. रूझवेल्टने ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. यादी बरीचशी फोनवाल्यांची नि मोटारवाल्यांची होती, आणि ज्यांनी उलट पाठवलं ते न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे लोक होते. वीस लाख उत्तरं असून ही गत, तुमच्याकडे तर ५० आहेत.

दांडिया_बाजार_७
वाघोडिया रोडचं निघालंच आहे तर, तिथे कुठे चांगली शेव-उसळ मिळते का हो? मंडईकडे जायचा कंटाळा येतो.

पुण्यात_अडकलेला
शेव-उसळ आठवून रडू येतं राव. इथे सांगितलं तर लोक म्हणतात म्हणजे मिसळच ना. मिसळ कुठे आणि वरून तिखट तरी ओतून, कांदापात भुरभुरलेली आपली शेव-उसळ कुठे. पाव पण वेगळा.

सुरसागर_काका
मिसळीला नावं ठेवू नका. भाकरवडीवरून पुणेकरांशी एक वाद चालू आहे तेवढा पुरे.

मांजलपूरची_मनू
अहो प्लीज!! सोमवार आहे. बरं, अजून एक. गेल्या वर्षी पिकअप-ड्रॉप सुरू केलं, म्हणजे आपला माणूस घरून गाडी नेतो आणि परत आणून देतो. त्याच्या आधी पण हाच सर्व्हे झाला होता. त्याने फायदा झाला का ते पण शेठना हवंय. ह्याला पेअर्ड टी-टेस्ट ना, म्हणजे त्याच माणसाची आधीची नि नंतरची उत्तरं जोडून? भाचा तेच म्हणाला.

आकडेमोड
हे आत्ता सांगताय! दोन्ही वेळचा माणूस तोच आहे हे कशावरून ओळखणार? मोबाइल नंबर घेतला होता का?

मांजलपूरची_मनू
ह्या वेळी सगळ्यांचा आहे, आधीच्या वेळी ऑप्शनल होता. जुळवून बघितलं, दोन्ही यादीत असलेले साठेक नंबर निघतात.

आकडेमोड
मग त्या साठांपुरतीच पेअर्ड. १ ते ५ आहे म्हणून टी-टेस्टऐवजी जोड्यांसाठीची विल्कॉक्सन साइन्ड-रँक टेस्ट लावा. बाकीच्यांना एकमेकांशी जोडू नका, शीटमध्ये एकाच ओळीवर आले म्हणून दोन परकी माणसं जोडी होत नाहीत. त्यांची दोन्ही वेळची टक्केवारी वेगळी दाखवा. आणि दोन्ही वेळा भरणारे साठ म्हणजे तुम्हाला धरून राहिलेलं गिऱ्हाईक, रागावून दुसरीकडे गेलेला त्यात नाहीच, तेव्हा तो आकडा जरा गोडच येणार. शिवाय मधल्या काळात भाव वाढले असतील, मेकॅनिक बदलले असतील, सगळं श्रेय पिकअप-ड्रॉपला देऊ नका. ज्यांनी ती सर्व्हिस घेतली आणि ज्यांनी नाही घेतली त्यांच्यात फरक किती पडला ते बघता आलं तर जास्त बरं.

कोडवाला
पायथनमध्ये हे एका ओळीत होतं.

सयाजी_स्कूटर
मी स्वतः गॅरेज चालवतो. सर्व्हे वगैरे सोडा, एनपीएस, म्हणजे नेट प्रमोटर स्कोअर घ्या. एकच प्रश्न: "मित्राला सांगाल का?" एकच आकडा, शेठ खूश. तुमच्याकडचे ५ वाले प्रमोटर धरा, १ ते ३ वाले वजा करा.

गोत्रीवाली
असं नाही करता येत. एनपीएस ही २००३ मध्ये राइकहेल्डने मांडलेली पद्धत, तिचा स्केल ० ते १० आहे. ९-१० वाले प्रमोटर, ० ते ६ वाले डिट्रॅक्टर (नावं ठेवणारे), दोघांच्या टक्केवारीतली वजाबाकी. १ ते ५ वर घरगुती एनपीएस काढलात तर दुसऱ्या कोणाच्या आकड्याशी तुलना करता येणार नाही. पुढच्या वेळी तो प्रश्न वेगळा घाला, ह्या वेळी नाही.

सयाजी_स्कूटर
आमच्या गिऱ्हाइकाला ० ते १० समजावता समजावता गाडी धुऊन होते. मी तर ५ वरच काढतो, माझं चाललंय.

मांजलपूरची_मनू
भाच्याने क्रॉनबॅक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) पण काढायला सांगितलाय, मी जामोवीत काढला, ०.४१ आला. तो म्हणतो ०.७ च्या वर पाहिजे नाहीतर सर्व्हे फेल. आता काय?

गोत्रीवाली
प्रश्नांमध्ये काही उलटे आहेत का? म्हणजे जिथे ५ मार्क म्हणजे वाईट?

मांजलपूरची_मनू
"गाडी मिळायला सांगितल्यापेक्षा उशीर झाला" आणि "बिलात न सांगितलेला खर्च निघाला" हे दोन. त्यात ५ म्हणजे पूर्ण सहमत.

गोत्रीवाली
ते उलटवून घ्या, ६ मधून वजा करा, ५ चा १ होईल. मग परत काढा, वाढेल. तरी १२ चे १२ एकत्र घालू नका. वागणूक, वेळ आणि पैसा हे वेगळे विषय आहेत, त्यांचा एकच अल्फा कशाला? वागणुकीचे चार-पाच प्रश्न असतील तर त्यांचा वेगळा काढा, बेरीजही त्यांचीच वेगळी करा, आणि त्या बेरजेवर टी-टेस्ट लावलीत तरी मी ओरडणार नाही. ०.७ हा संकेत आहे, पास-नापास नाही.

एमआर_वाला
बघा, आल्या अ‍ॅव्हरेजवर :)

आकडेमोड
मनूताई, १२ प्रश्नांवर १२ मान-व्हिटनी लावाल तेव्हा एक जपा. प्रत्येक टेस्टला ५ टक्के चूक मान्य केली, तर दोन्ही शाखा अगदी सारख्या असल्या तरी बारापैकी एखाद्यात उगाच फरक दिसण्याची शक्यता ४६ टक्क्यांपर्यंत जाते (प्रश्न एकमेकांशी निगडित नाहीत असं धरून). म्हणून संख्याशास्त्रज्ञ होम यांची पद्धत लावा: सगळ्या पी व्हॅल्यू लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा, पहिली ०.०५ भागिले १२ पेक्षा कमी आहे का बघा, दुसरी ०.०५ भागिले ११, असं जात राहा, जिथे अडेल तिथे थांबा. आणि शेठना पी व्हॅल्यू दाखवूच नका. प्रत्येक प्रश्नाला ४ किंवा ५ देणारे किती टक्के, शाखेप्रमाणे, एवढा बार चार्ट करा. २०० आणि १५० उत्तरांवर आठ-दहा टक्क्यांचा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो, त्याच्या आतल्या फरकावरून कोणाला झापायचं नाही, हे मात्र तोंडी सांगा.

मांजलपूरची_मनू
झापायचं नाही कसं, मार्कांवरून शाखेचा दिवाळी बोनस ठरणार आहे ना. ते तर ऑफिसात सगळ्यांना माहिती आहे.

आकडेमोड
वाघोडिया रोडच्या मॅनेजरला पण?

मांजलपूरची_मनू
त्याला तर सगळ्यात आधी.

सुरसागर_काका
हुशार माणूस आहे. बँकेत असता तर रिजनल मॅनेजर झाला असता.

एमआर_वाला
ओके, शब्द मागे. तळटीपेने भागणार नाही. ती शाखा काढा.

आकडेमोड
वाघोडिया रोडच्या गेल्या महिन्यातल्या गिऱ्हाइकांना आजच ऑफिसच्या नंबरवरून तीच व्हॉट्सअ‍ॅप लिंक पाठवा, मॅनेजरच्या फोनवरून नको. सोमवारपर्यंत येतील तेवढी येतील. कमी आली तर शेठना सांगायचं, ह्या शाखेचा डेटा अजून येतोय. टॅबवाले ५० जपून ठेवा, त्यांतल्या ज्यांची लिंकवर पण उत्तरं येतील त्यांच्या दोन्ही उत्तरांत किती फरक पडतो ते बघायला मला फार आवडेल, विल्कॉक्सनच लागेल तिथेही.

मांजलपूरची_मनू
लिंक पाठवली. दोन उलटवून अल्फा ०.६८ आला, भाच्याला कळवलं, तो म्हणे ०.०२ कमी आहे. त्याला हा धागाच पाठवते.

फतेगंज_स्टुडंट
हाय, माझं पण डिसर्टेशन आहे, ३० जणांचा सर्व्हे, एसपीएसएस सॉफ्टवेअरमध्ये कुठली टेस्ट लावू? अर्जंट आहे.

गोत्रीवाली
नवीन धागा काढा. आणि त्यात पहिल्यांदा हे लिहा की तीस जण कोण, आणि त्यांना विचारलं कोणी.