तीन महिने ॲरिझोनात मुलाकडे, हिवाळ्यात. गुडघा सांभाळून कुठं फिरावं?

विजापूर_रोडवाले

नमस्कार मंडळी. मी बँकेतून निवृत्त, वय ६७. सौ. ६३. मुलगा फिनिक्सजवळ चॅन्डलर गावात असतो, दोन नाती आहेत, नऊ आणि पाच वर्षांच्या. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघायचं आणि मार्चच्या सुरुवातीला परत, असं मुलानं परस्पर ठरवून तिकिटं पाठवलीत. आमची आजवरची सर्वात लांबची सहल म्हणजे रामेश्वर.

विचारायचं असं की, वाळवंट आहे तर गरम कपड्यांचं ओझं न्यायचं का? सौ.चा उजवा गुडघा जिना चढताना बोलतो, तिला झेपेल असं काय आहे? मुलानं शनिवार-रविवारची यादी केलीय, त्यात ग्रँड कॅन्यन, लास वेगास, सॅन दिएगो आणि डिस्नीलँड आहे. मला यादी वाचूनच दम लागला.

आणि इकडं सोलापुरात गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वराची जत्रा, बुडणार, हुरडाही बुडणार. हा प्रश्न नाही, दुखणं आहे.

बाळीवेशीतली_बाई

भाऊ, आम्ही दोघं मागच्या हिवाळ्यात लेकीकडे फिनिक्सलाच होतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, त्यामुळे उत्तर लांबणार, सांभाळून घ्या.

गरम कपडे न्या. वाळवंट म्हटल्यावर मला सोलापूरचा मे महिना आठवला आणि मी बॅगभर सुती साड्या नेल्या. जानेवारीत फिनिक्सला दुपारी १९-२० अंश असतात, ऊन अगदी हवंहवंसं. पण सूर्य कलला रे कलला की अंगावरची शाल कुणी ओढून न्यावी तशी ऊब जाते, रात्री ६-७ अंश. जावयाचं जुनं जाकीट मी साडीवर दोन महिने घातलं. फोटोत पोलीस पाटलीण दिसते.

हे झालं फिनिक्सचं, ते आपल्या सोलापूरपेक्षाही कमी उंचीवर आहे. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ सुमारे २,१०० मीटरवर, म्हणजे महाबळेश्वरच्या दीडपट. सकाळी निघालो तेव्हा लेकीच्या परसात संत्री लगडलेली होती, चार तासांनी गाडीतून पाय खाली टाकला तो बर्फात. वाटा निसरड्या असतात, बुटांना खालून अडकवायचे काटे मिळतात ते घ्या. गुडघेवाल्यांना मात्र हिवाळाच चांगला. काठाला लागून ११ किलोमीटरचा हर्मिट रोड आहे, तिथं एरवी पार्कच्या बसनंच जावं लागतं, पण डिसेंबर ते फेब्रुवारी स्वतःची गाडी नेता येते. थांबायचं, उतरायचं, दहा पावलं चालायचं, बघायचं, परत गाडीत. दीड किलोमीटर खोल दरी, तळाशी कोलोरॅडो नदी दोऱ्याएवढी. हे तर बाकावरून उठेचनात.

पण मला विचाराल तर ग्रँड कॅन्यन एकदा करा आणि बाकीचे रविवार जवळपास घालवा. टुसॉन दोन तासांवर आहे. तिथल्या सग्वारो पार्कच्या पूर्व भागात १३ किलोमीटरचा डांबरी फेरा आहे, सगळा गाडीतून होतो. सग्वारो म्हणजे तो उंच, हात वर केलेला निवडुंग. अंगाला पेटीच्या भात्यासारख्या घड्या असतात, पाऊस पडला की पाणी पिऊन त्या फुगतात. पहिला हात फुटायलाच ५०-७५ वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. एका बिनहाताच्या झाडापुढं उभे राहून हे म्हणाले, "हा माझ्या वयाचा, अजून बिनकामाचा."

आता एक फजिती सांगते, तुमच्या नातींसाठी. ॲपाची जंक्शन गावाच्या पुढं सुपरस्टिशन नावाचे डोंगर आहेत, तिथं पायथ्याला फिरत होतो. तिथं एक निवडुंग असतो, टेडी बेअर चोया. लांबून लव आल्यासारखा गुबगुबीत दिसतो. धाकटी नात "आजी, सॉफ्ट आहे" म्हणत बोट पुढं करणार, तेवढ्यात मी तिला मागं ओढलं आणि त्याचा लिंबाएवढा तुकडा माझ्या पदराला चिकटला. ह्यांनी तो हातानं सोडवायला घेतला, तर तो पदर सोडून ह्यांच्या अंगठ्यात. त्या काट्यांना बारीक उलटी कुसळं असतात, ओढावं तसे रुततात. मी रडकुंडीला. मागून एक पांढऱ्या केसांची बाई आली, काही न बोलता पर्समधून साधी फणी काढली, अंगठा आणि तुकड्याच्या मधे सरकवली आणि झटका दिला. तुकडा उडून पडला. बाई मिनेसोटाची, थंडीपुरती आलेली. अशा म्हाताऱ्यांना तिकडे स्नोबर्ड म्हणतात. आपल्या हिप्परग्याच्या तळ्यावर येतात ना पाखरं, तशीच ही. फणी न्या भाऊ, विसरू नका.

अवघड जातात ते सोमवार ते शुक्रवार. सगळे आठला बाहेर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, गाडीशिवाय दूध आणता येत नाही. पहिला आठवडा मी नुसती भांडी घासली, मशीन असून. मग घराजवळचं वाचनालय सापडलं आणि नातीला शाळेतून आणायचं काम मी मागून घेतलं. तुम्हीही काहीतरी काम मागून घ्या, पाहुण्यासारखे बसू नका.

गड्ड्याचं दुःख मलाही होतं. पण ॲरिझोनात घड्याळ मागंपुढं करत नाहीत, आपल्यात आणि त्यांच्यात बारोमास साडेबारा तासांचा फरक. गड्ड्यातला सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा इथं दुपारी, म्हणजे तिथं मध्यरात्र. आम्ही पांघरुणात बसून फोनवर पाहिला आणि पलंगावरूनच अक्षता टाकल्या. सकाळी लेकीनं व्हॅक्युम लावला तेव्हा तांदूळ नळीत कडकड वाजले.

चादर_आणि_चोया

काका, मी मूळचा अक्कलकोट रोडचा, सध्या टुसॉनमध्ये. ताईंनी सगळं बरोबर सांगितलंय, पैशाचं तेवढं मी जोडतो. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरून आलेल्या पर्यटकांना ग्रँड कॅन्यनसह ११ पार्कांत माणशी १०० डॉलर जादा भरावे लागतात, वय १६ किंवा त्याहून जास्त असेल तर. परदेशी लोकांसाठीचा वर्षाचा पास २५० डॉलरचा आहे. सग्वारो त्या अकरांत नाही. ज्येष्ठांचा स्वस्त पास तिथले नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतो, त्यामुळे खिडकीवर वय सांगून उपयोग नाही.

ग्रँड कॅन्यनला मुक्काम करून जाणार असाल तर वाटेवरच्या फ्लॅगस्टाफ गावाहून पूर्वेला पाऊण तासावर मीटिओर क्रेटर बघा. उल्का पडून झालेला खड्डा, सुमारे १,२०० मीटर रुंद, ५०,००० वर्षं जुना. आपलं लोणार १,८०० मीटरचं, त्यामुळे नातींपुढं कॉलर ताठ करायला हरकत नाही. पण इथं पाणी नसल्यानं खड्डा तळापर्यंत उघडा दिसतो. आणि जानेवारीअखेर टुसॉनला रत्नं-खनिजांचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथं जळगाव-नाशिककडच्या खाणींतले स्फटिक मांडलेले असतात. आपण ज्याची खडी करतो त्या काळ्या दगडाच्या पोटातले, किमती बघून घाम फुटतो.

विमा घेताना 'आधीपासूनचा आजार' हे कलम दोनदा वाचा. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही वाचलं नाही, बीपीच्या एका तपासणीचं बिल सगळं खिशातून गेलं.

काय_बे_सोलापूर

एवढी चर्चा झाली पण मुद्द्याचं कुणी बोलंना. शेंगाचटणी दोन किलो आणि कडक भाकरी एक चळत. भाकरी कपड्यांच्या मधे ठेवा, हातातल्या पिशवीत चुरा होतो. खाण्याचं काय काय आहे ते विमानतळावर खरं सांगायचं. बोरं, ओला हरभरा, पेरायचं बी असलं काही नेऊ नका, काढून घेतात. हुरड्याचं आम्ही बघतो, तुमच्या वाटणीचा आम्ही खाऊ.

विजापूर_रोडवाले

सर्वांचे आभार. सौ.ला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं ताबडतोब दोन फण्या बाजूला काढल्या, एक माझ्यासाठी, डोक्यावर केस नसताना. स्वेटर माळ्यावरून उतरवले.

आता वेगास आणि डिस्नी यादीतून काढायचंय. मुलाला वाईट न वाटता कसं सांगावं?

बाळीवेशीतली_बाई

मुलाला सांगूच नका. सुनेला सांगा. गाडीत चौदा तास दोन पोरी तिलाच सांभाळायच्या असतात.