प्रति: हेरिटेज वॉक म्हणजे फक्त फोर्टच का?

वर कोणीतरी लिहिलंय की मुंबईतले वॉक म्हणजे फोर्ट, काळाघोडा, गॉथिक इमारती, की झालं. बरंचसं पटलं, पण गाईड चांगला असेल तर फोर्टमध्ये पण खूप मिळतं हो. १७१८ च्या सेंट थॉमस चर्चपासून पूर्वी मैल मोजायचे, त्याचे रोमन आकडे कोरलेले काळे दगड अजून काही फुटपाथवर आहेत, रोज त्यांच्या बाजूने जातो आपण आणि बघत नाही.

लालबाग-परळ या गिरणी कामगारांच्या भागात मात्र गाईड तिथलाच हवा, कारण १९८२ च्या संपानंतर कापड गिरण्या गेल्या, एखादं धुराडं सोडलं तर दाखवायला उरलंय काय! भोंगा, खाणावळी, एकाच गाळ्यात पाळीप्रमाणे आलटून पालटून झोपणारी माणसं, हे सगळं त्या घरातलाच सांगू शकतो, आणि ती पिढी आता थकत चाललीय म्हणून हे वॉक लवकर व्हायला पाहिजेत असं मला मनापासून वाटतं.

गिरगावात १८९३ पासून गणपती बसणारी केशवजी नाईक चाळ नक्की बघा, फक्त तिथे लोक राहतात, दारात डोकावून फोटो काढू नका. आणि फोर्टला रविवारी सकाळी लवकर जा, रस्ते मोकळे असतात.