मदत हवी आहे: ८० माणसांसाठी आमिश पद्धतीचं चीज-बटाटा कॅसरोल

मंडळी, जूनमध्ये लेकीच्या बारावीची ग्रॅज्युएशन पार्टी आहे. आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ. हॉल घेतलाय, माणसं ८०च्या आसपास. निम्मी मंडळातली, बाकी शेजारी आणि तिच्या शाळेतली. पावभाजी, मसालेभात, मठ्ठा ठरलंय, त्याची काळजी नाही. पण उत्सवमूर्तीची एकच फर्माईश आहे. होम्स काउंटीत बर्लिन, वॉलनट क्रीककडे (आमिश, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीत) गेलो की ती जे बटाट्याचं खाते, ते हवंच. आत किसलेला बटाटा, चेडर, सावर क्रीम. वर लोण्यात घोळवलेले कॉर्नफ्लेक्स. ट्रेच्या कडेला जी खरवड धरते, तिच्यावरून आमच्याकडे दोन भावंडांत भांडणं होतात.

घरी एका ट्रेला (९ बाय १३ इंच) माझं प्रमाण असं: २ पौंड फ्रोझन हॅशब्राउन (किसलेला बटाटा), १ पौंड सावर क्रीम, क्रीम सूपचा एक कॅन, अर्धा पौंड चेडर, पाऊण वाटी बारीक कांदा, एक स्टिक लोणी. ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटवर पाऊण ते एक तास. एवढं व्यवस्थित होतं. प्रश्न पुढचा आहे. ८० जणांना किती ट्रे लागतील? आदल्या दिवशी काय काय करून ठेवता येईल? हॉलला ओव्हन नाही आणि घरापासून गाडीने ४० मिनिटं लागतात, तर गरम कसं न्यायचं? आणि बरीच मंडळी शाकाहारी आहेत, त्यामुळे चिकनचं सूप चालणार नाही. मश्रूमचंही काही जणांना नको असतं.

मीठमिरची: अभिनंदन! जरा हिरवी मिरची वाटून आणि मोहरी-कढीपत्त्याची फोडणी घालून बघा की. नुसतं चीज म्हणजे आपल्या लोकांना अळणीच लागणार.

मूळ प्रश्नकर्ती: सासूबाईही हेच म्हणाल्या :) पण लेकीने सक्त ताकीद दिली आहे. ठेचा बाजूला वाटीत ठेवेन.

चुलीपाशी: फोडणी नकोच. शेजारी पावभाजी आहे, तिथे तिखट भरपूर मिळेल. या पदार्थाची मजा त्याच्या मवाळपणातच आहे.

आता प्रमाण. तुमच्या एका ट्रेचं वजन साधारण २ किलो भरतं. बाकी एवढे पदार्थ असताना माणशी अर्धा कप, म्हणजे सव्वाशे ग्रॅम धरा. ८० जणांना १० किलो, म्हणजे ५ ट्रे. पोरं दुसऱ्यांदा घेणारच, म्हणून ६ करा. ६ ट्रेला १२ पौंड बटाटा, ६ पौंड सावर क्रीम, ३ पौंड चीज.

दुकानात ते मोठे खोल अॅल्युमिनियमचे ट्रे दिसतील, त्यांच्या मोहात पडू नका. थर जाड झाला की कडा करपतात तरी मध्य थंडच राहतो, आणि बटाट्याचं पाणी वर येतं. लहान ट्रेच बरे. शिवाय खरवड कडेलाच धरते, आणि ६ लहान ट्रेंना कडा जास्त :) फॉइलचे ट्रे उचलताना वाकतात, खाली बेकिंग शीट घ्याच.

पाणी सुटू नये म्हणून हॅशब्राउन आदल्या रात्री फ्रिजमध्ये वितळू द्या, मग पातळ पंचात घालून पिळा. चक्क्यासाठी दही बांधतो तसं, फक्त टांगायची गरज नाही. बऱ्यापैकी पाणी निघतं. चीज मात्र वडी आणून घरी किसा. किसून मिळणाऱ्या चीजला चिकटू नये म्हणून स्टार्च वगैरे लावलेलं असतं, त्यामुळे ते तितकं मऊ वितळत नाही.

आळूवडी: सूपला पर्याय म्हणजे व्हाइट सॉस. एका कॅनच्या जागी ३ टेबलस्पून लोणी, ३ टेबलस्पून मैदा, अर्धा कप दूध आणि अर्धा कप भाज्यांचा स्टॉक. मैदा कच्चा राहू देऊ नका, लोण्यावर मंद आचेवर मिनिट-दोन मिनिटं परता. घट्टच हवा, पिठल्याइतका. मीठ चव घेऊन घाला, कारण चीजमध्ये ते आहेच.

आणखी एक. कट्टर शाकाहारी असतील तर चीजच्या लेबलवर रेनेट (दूध फाडायचं विरजण, ते प्राण्यांपासूनचंही असतं) कोणतं आहे ते बघा, ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेबल’ लिहिलेलं घ्या. सावर क्रीमच्या काही डब्यांत जिलेटिन असतं, तेही प्राण्यांपासूनचं. घटकांत फक्त कल्चर्ड क्रीम असलेला डबा मिळतो, तो उत्तम. आणि जैन मंडळी येणार असतील तर त्यांना मसालेभात, पण तोही कांदा-बटाट्याशिवायचा वेगळा काढून ठेवा.

लॅंकेस्टरकर: थोडं अवांतर. आम्ही पेनसिल्व्हेनियात आमिश वस्तीच्या शेजारी राहतो. इकडच्या आमिश लग्नात मुख्य मान ‘रोश्ट’चा, म्हणजे चिकन आणि पावाचे तुकडे एकत्र भाजलेलं, सोबत मॅश्ड बटाटा आणि क्रीममधली सेलेरी. लग्नं सुगी झाल्यावर, बहुतेक मंगळवारी नाहीतर गुरुवारी. तीन-चारशे माणसांचा स्वयंपाक घरच्याच बायका करतात. त्यासाठी गॅसच्या शेगड्या बसवलेल्या गाड्याही भाड्याने मिळतात. रविवारच्या प्रार्थनेनंतरचं जेवण मात्र अगदी साधं: पाव, पीनट बटरचं गोड मिश्रण, लोणचं, बीट, चीज. तुमचं कॅनच्या सूपवालं कॅसरोल म्हणजे सगळ्या मिडवेस्टचंच पॉटलकचं (प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या पंगतीचं) जेवण. यूटामध्ये मॉर्मन (तिकडचा एक ख्रिस्ती पंथ) लोकांकडे हेच अंत्यविधीनंतरच्या जेवणात असतं, आणि २००२च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकला त्याची पिनसुद्धा (कपड्याला लावायचा बिल्ला) निघाली होती. लेकीला यातलं काही सांगू नका, चव तीच आहे.

चुलीपाशी: :) बरं, नेण्याचं राहिलं. आदल्या दिवशी सगळं कालवून ट्रे भरून फ्रिजमध्ये ठेवा, पण कॉर्नफ्लेक्स घालू नका, लगदा होतो. सकाळी थंड ट्रे ओव्हनमध्ये गेला की १५-२० मिनिटं जास्त लागतात. एका ओव्हनमध्ये दोन कप्प्यांवर ४ ट्रे मावतील, मध्यावर वरचे खाली करा. उरलेले दोन शेजारणीच्या ओव्हनमध्ये. मध्यभागी थर्मामीटर १६५ फॅरनहाइट दाखवू दे, मगच बाहेर काढा.

न्यायला पिकनिकचा कूलर. आधी त्यात उकळतं पाणी भरून १५ मिनिटं ठेवा, ओता, तळाशी जाडा टॉवेल घाला, फॉइल लावलेले ट्रे एकावर एक. ४० मिनिटांना काहीच होत नाही. वाढताना १४०च्या खाली जाऊ देऊ नका. नुसतं टेबलावर ठेवणार असाल तर दोन तासांत संपवा.

कॉर्नफ्लेक्स तव्यावर लोण्यात परतून कोरड्या डब्यात न्या आणि वाढायच्या वेळी वर पसरा. फॉइलखाली वाफेने कुठलाही कुरकुरीतपणा टिकत नाही.

मूळ प्रश्नकर्ती: खूप खूप आभार! कॉर्नफ्लेक्स वेगळे न्यायचं डोक्यातच आलं नसतं. एक मैत्रीण तिचा १८ क्वार्टचा (साधारण १७ लिटरचा) इलेक्ट्रिक रोस्टर, म्हणजे विजेवर तापणारं मोठं झाकणाचं भांडं, देतेय, चर्चच्या जेवणात असतो तो. हॉलमध्ये तो लावून त्यात गरम ठेवलं तर? पावभाजीसाठीही तसाच एक मिळतोय.

वायरमन: बटाट्याला रोस्टर नको असं माझं मत, ढवळून पिठलं होईल आणि खरवड गेली. पण लावलाच तर एक बघा: असा रोस्टर साधारण १४५० वॅट खातो, म्हणजे १२० व्होल्टवर १२ अँपिअर. भिंतीतली लाइन बहुतेक १५ किंवा २० अँपिअरची. दोन रोस्टर एकाच लाइनवर लावले की भर पार्टीत ब्रेकर पडणार. कोणता प्लग कुठल्या लाइनवर आहे ते हॉलवाल्यांना आधीच विचारा.

मूळ प्रश्नकर्ती: विचारलं. जेवणाच्या टेबलांजवळ दोनच लाइन आहेत, आणि एकीवर त्यांचं कॉफीचं मोठं मशीन कायमचं लावलेलं आहे. तर रोस्टर एकच, पावभाजीला. बटाटे कूलरमधून. शेजारीणबाई ओव्हन द्यायला तयार आहेत, एक ट्रे त्यांना ठेवायचा या अटीवर, म्हणजे आता ७ करायचे.