चाचण्या संपल्यावर नोंदी कशाला, याबद्दल

चाचणीत औषध सिद्ध झालं, मग वर्षानुवर्षं रुग्णांच्या नोंदी कशाला, असं तुम्ही विचारलंत. मला हे पटत नाही. चाचण्या बहुधा ६ महिने ते वर्षभर चालतात. औषध मात्र माणूस १०-२० वर्षं घेतो. शिवाय इतर आजार असलेले रुग्ण चाचणीतून बरेचदा वगळलेले असतात. ब्रिटनमध्ये २००१ पासून जैविक औषधं (सजीव पेशींपासून बनवलेली औषधं) घेणाऱ्या आमवाताच्या रुग्णांची रजिस्ट्री, म्हणजे दीर्घकाळ ठेवलेली नोंदवही, चालू आहे. या जैविक औषधांपैकी इटानरसेप्टपेक्षा अडॅलिमुमॅब आणि इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत क्षयरोग जास्त आढळतो, हे तिथल्या नोंदींतून दिसलं.

मोजायचं काय, हा खरा कळीचा मुद्दा. डास-२८ (DAS28) या आमवाताचा जोर मोजणाऱ्या गुणांकात २८ सांधे तपासतात, त्यात घोटे आणि पावलं नाहीतच! आकडा २.६ च्या खाली गेला की आजार शांत झाला असं धरतात. पण पावलं सुजलेला माणूस चालतो कसा, हे त्यात येत नाही. म्हणून एचएक्यूसारखी प्रश्नावलीही हवी. कपडे घालता येतात का, नळ उघडता येतो का, हे त्यात विचारतात. आणि औषध मध्येच सोडलं तर कारणासकट लिहाच. गुण आला नाही, त्रास झाला की परवडलं नाही, या अगदी वेगवेगळ्या गोष्टी आहेत.