‘मधलं पान’ असलेली चित्रपुस्तकं हवी आहेत (वय ४ ते ७)

निळीछत्री:

माझी लेक साडेपाच वर्षांची आहे. गेल्या महिन्यात ती बुटाची लेस बांधायला शिकली. तिला एकोणीस दिवस लागले. रोज संध्याकाळी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची. आधी दोन्ही टोकं नुसतीच एकमेकांवरून घसरायची. मग साधी गाठ यायला लागली, पण सुरगाठीसाठी फास धरला की दुसऱ्या हातातलं टोक सुटायचं. एकदा तिनं बूट भिंतीवर भिरकावला, एकदा लेसच ओढून काढली आणि ती परत ओवायला आम्हाला अर्धा तास लागला.

त्याच दिवसांत आमच्याकडे एक चित्रपुस्तक आलं. डाव्या पानावर एक मुलगी पाण्याला घाबरून काठावर उभी. पान उलटलं की ती झकास पोहते आहे, आणि त्याच्या पुढच्या पानावर बुडणाऱ्या पिल्लाला बाहेर काढते आहे. लेकीनं पान मागे उलटलं, परत पुढे उलटलं. मग दोन पानं चिकटली असतील म्हणून कडा नखानं सोडवून बघायला लागली. “आई, मधलं पान कुठंय?”

तेव्हापासून मी तेच मधलं पान शोधते आहे. न जमण्याचे दिवस चित्रांत दिसतील, आणि शिकलेली तीच गोष्ट कुणाच्या तरी उपयोगी पडेल, अशी पुस्तकं हवीत. शेवटी सगळे टाळ्या वाजवतात, गळ्यात पदक घालतात, अशी आमच्याकडे चार आहेत, ती नकोत. भाषा कुठलीही चालेल, मी मराठीत सांगेन.

पानोपानी:

एक पुस्तक डोळे मिटून सुचवते. एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘व्हिसल फॉर विली’, १९६४ सालचं. पीटरला शीळ घालायची आहे, कारण एका मुलानं शीळ घातली की त्याचा कुत्रा धावत येतो हे त्यानं पाहिलंय. पीटरला जमत नाही. तो स्वतःभोवती गरगर फिरतो. खोक्यात लपून फुंकतो, आवाज निघत नाही आणि त्याचा कुत्रा विली सरळ पुढे निघून जातो. मग तो खडूनं लांबलचक रेघ ओढत घरी जातो, बाबांची टोपी घालून आरशासमोर उभा राहतो. तुमच्या लेकीला हवी असलेली मधली पानं म्हणजे जवळजवळ सगळं पुस्तकच आहे.

आणि शेवट! शीळ जमल्यावर आईवडील कौतुक करतात, पण पुस्तक तिथे थांबत नाही. ते त्याला दुकानातून सामान आणायला पाठवतात, आणि तो जाताना-येताना शीळ घालत राहतो. जमलं म्हणून एक छोटंसं काम वाट्याला आलं. मला हा शेवट कुठल्याही पदकापेक्षा मोठा वाटतो. वाक्यं तोकडी आहेत, त्यामुळे वाचता वाचता मराठीत सांगायला अडचण येत नाही.

रेघोट्या:

मी चित्रपुस्तकांची चित्रं काढतो, म्हणून ते पान कुठे जातं ते सांगतो. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. छपाईचा मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून तीनदा दुमडला की १६ पानं होतात. असे दोन फर्मे म्हणजे ३२. त्यातून शीर्षकाचं पान, प्रकाशनाचा तपशील, अर्पणपत्रिका वजा करा. गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या बारा-चौदा जोड्या उरतात. त्यात घर दाखवा, अडचण दाखवा, संकट दाखवा, सुटका दाखवा. मग काटछाट करताना पहिला बळी सराव. ‘आणि मग तिनं खूप सराव केला’ या एका ओळीत एकोणीस दिवस उरकले जातात.

सराव काढणं अवघडही आहे, हे कबूल करतो. तेच मूल, तीच जागा, तेच काम. चित्र हलत नाही असं वाटतं. पण त्यावर उपाय आहेत. एकाच पानावर चार-पाच छोटी चित्रं ओळीनं काढायची, मूल तिथंच, मागच्या खिडकीतला उजेड मात्र बदलत जाणारा. किंवा हातांचा कोन जरासा बदलायचा. मोठ्यांच्या नजरेतून हे निसटतं, पण मुलं बोट ठेवून दाखवतात. पुस्तक हातात घेतलंत की मजकूर वाचायच्या आधी मधली सहा पानं नुसती बघा. मुलाचे हात दिसतात का? चेहराच दिसत असेल, हसरा नाहीतर रडका, तर चित्रकारानं शिकणं काढलेलं नाही, शिकल्याची भावना काढली आहे.

बालवाडीताई:

निळीछत्री, पदकांबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी पटलं. वार्नेकेन आणि टोमासेलो या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या २४ मुलांबरोबर काम केलं होतं. मोठ्या माणसाच्या हातून वस्तू पडायची, किंवा हात भरलेले असल्यामुळे कपाटाचं दार उघडता यायचं नाही. २४ पैकी २२ मुलांनी, कुणी न सांगता, निदान एकदा तरी मदत केली. दोन वर्षांनी त्यांनीच वीस महिन्यांच्या मुलांवर अभ्यास केला. ज्यांना मदतीबद्दल खेळणं बक्षीस मिळालं, ती नंतर बक्षीस बंद झाल्यावर कमी मदत करायला लागली. ज्यांना काही मिळालं नव्हतं किंवा फक्त कौतुक झालं होतं, त्यांच्यात अशी घट दिसली नाही. म्हणजे मदत करण्याची ओढ मुलात आधीच असते. पुस्तकानं तिला लाच देऊ नये.

आणखी एक. कॅनडातल्या एका अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एक गोष्ट वाचून दाखवली. काहींच्या पुस्तकात पात्रं माणसं होती, काहींच्या पुस्तकात माणसांसारखे वागणारे प्राणी. वाचल्यानंतर आपले स्टिकर जास्त वाटले ते माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी. प्राण्यांच्या गोष्टी मला फार प्रिय आहेत आणि त्या मी वाचतच राहणार, पण मदतीविषयीचं पुस्तक निवडताना ही गोष्ट लक्षात ठेवते.

आता वर्गातला अनुभव. एका मुलाला कात्री धरता यायला लागली. त्याला इतका आनंद झाला की तो शेजारच्या प्रत्येकाच्या हातातली कात्री घेऊन त्यांचा कागद कापून द्यायला लागला. तो मदतच करत होता, अगदी मनापासून. पण दोन मुलं रडली, कारण त्यांची कात्री, त्यांचा कागद, आणि शिकायचं राहून गेलं. त्या दिवसापासून मी चित्रपुस्तकात एक गोष्ट बघते: ज्याला मदत होते त्याच्या हातात शेवटी काय आहे? पिल्लू बुडत असेल तर उचलायलाच हवं. बाकीच्या वेळी, मदत करणाऱ्या मुलाचे हात थोडे मागे राहिलेले चित्रात दिसले, की मी ते पुस्तक वर्गात आणते.

वाचनवेडी:

बालवाडीताई, +१. कात्रीचा प्रसंग माझ्या भाच्याला तंतोतंत लागू.

निळीछत्री:

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी थबकलेच. आमच्याकडे अगदी हेच घडतं आहे. धाकटा तीन वर्षांचा. लेस जमल्यापासून ही त्याचे बूट बांधायला धावते आणि तो पाय झाडून रडतो. मी त्यालाच दटावत होते, “ताई मदत करतेय ना!” चूक माझी होती.

‘व्हिसल फॉर विली’ आलं. तीन रात्रीत नऊ वेळा वाचलं. विली निघून जातो त्या पानावर ती दर वेळी थांबते आणि हळूच म्हणते, “अजून नाही जमलं.”

रेघोट्या, तुम्ही फर्म्याचं सांगितलंत त्यावरून एक केलं. चार कोरे कागद एकत्र घडी घालून मधून दोऱ्यानं शिवले, सोळा पानांची वही झाली. तिला म्हटलं, तुझ्या लेसचं पुस्तक कर, मधली पानं हवी तेवढी. तिनं अकरा पानं मधल्यांनाच दिली. सगळ्यांवर तोच बूट, फक्त लेस दर पानावर वेगळी पडलेली. एका पानावर बूट भिंतीपाशी उलटा. एकावर लेसच नाही.

शेवटच्या पानावर भाऊ पायरीवर बसलाय, त्याच्या हातात दोन टोकं आहेत. ही शेजारी उभी आहे. तिचे हात दिसेनात म्हणून विचारलं, राहिले का काढायचे?

“नाही,” म्हणाली, “मी ते पाठीमागे धरलेत. त्याचं चाललंय ना अजून.”