कोंगो गुमी चौदाशे वर्षे कशी टिकली?

प्रश्न: जपानमधील ओसाका येथील कोंगो गुमी ही मंदिरे बांधणारी कंपनी इ.स. 578 पासून 2006 पर्यंत एकाच घराण्याकडे होती. इतकी युद्धे आणि सत्तांतरे होऊनही ती तगली कशी?

उत्तर 1: थोरल्या मुलाकडेच कारभार सोपवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लायक वारस नसेल तर जावयाला दत्तक घेऊन घराण्याचे नाव देत असत. 1930च्या दशकात तर 37व्या प्रमुखाच्या पश्चात त्याच्या पत्नीने सूत्रे हाती घेतली.

उत्तर 2: वारस कितीही लायक असला तरी काम हवेच. त्यांनी बांधलेल्या शितेन्नोजी मंदिराचा पाचमजली पॅगोडा 1934च्या वादळात कोसळला, पुन्हा उभारलेला 1945च्या बॉम्बहल्ल्यात जळाला, आणि युद्धापूर्वीच्या लाकडी पुनर्बांधण्यांत सांधे घडवण्याची विद्या नव्या सुतारांच्या हाती उतरत गेली.

प्रश्नकर्ता: मग 2006 मध्ये काय बिनसले?

उत्तर 1: जमिनींचे भाव भडकले असताना कर्ज काढून मालमत्ता घेतली, भाव कोसळले आणि देवळांच्या देणग्याही आटल्या. ताकामात्सु या बांधकाम समूहाने कंपनी घेतली. मंदिरबांधणीचे काम मात्र त्याच नावाने आजही चालू आहे.